वेग वाढवा, पण हिशेबाने

आंबिवलीची एनआरसी 2009 साली बंद पडली आणि आपल्या पट्ट्यातील कितीतरी घरांचा पगार थांबला. त्या घरांतील मुले आज मिळेल त्या कामावर आहेत. टिटवाळ्याचा असाच एक मुलगा लाकडावर नक्षी कोरणाऱ्या सीएनसी राऊटरवर काम करतो. मजुरी नगावर. परवा तो आमच्याकडे आला नि म्हणाला, "काका, शेठ म्हणतात काम उरकत नाही. मी मशीनचे फेरे वाढवले, तर लाकूडच काळे पडले!"

आम्ही पडलो आकडेमोड करणारे. म्हटले, बस, हिशेब मांडू.

स्पिंडलचे फेरे वाढवून वेळ वाचत नाही. बिट पुढे सरकण्याचा वेग, म्हणजे फीड, वाढला तरच वाचतो. फीडला फेरे आणि बिटच्या धारा यांच्या गुणाकाराने भागा. एक धार किती लाकूड काढते ते कळेल. त्याचे फीड मिनिटाला 1200 मिलिमीटर, फेरे 24000, धारा दोन. उत्तर 0.025 मिलिमीटर. म्हणजे बिट कापत नव्हते, घासत होते. घासले की तापते, तापले की जळते. फेरे 15000 आणि फीड 3000 केले, तर उत्तर 0.1 येते.

दुसरी गोष्ट दोन ओळींमधल्या अंतराची. 300 बाय 600 मिलिमीटरची फळी 0.4 च्या अंतराने कोरली तर 750 ओळी होतात, 0.6 ने 500. कागदावर 1200 च्या फीडने सव्वासहा तासांचे काम 3000 ने अडीच तासांवर येते आणि अंतर वाढवल्यावर एक तास चाळीस मिनिटांवर. प्रत्यक्षात वळणावर मशीन मंदावते, म्हणून थोडा वेळ जास्त धरावा. पाना-फुलांच्या नक्षीला हे चालते. चेहऱ्याला लहान बिट आणि कमी अंतरच हवे.

आधी जाड बिटने रफिंग करावे, मग बारीक बिट लावावे. फीड एकदम न वाढवता टाकाऊ तुकड्यावर थोडे थोडे वाढवून पाहावे. आवाज बदलला की थांबावे. घाईत बिट तुटले तर वाचवलेला वेळ आणि पैसा दोन्ही गेले.

आणखी एक. वेग वाढला की भुसाही वाढतो. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच जाहीर केले आहे. एमडीएफच्या धुळीत तर डिंकाचे रसायनही असते. तोंडाला रुमाल पुरत नाही. चांगला मास्क आणि धूळ ओढणारे यंत्र शेठकडे मागावे. ती भीक नाही, हक्क आहे.

बंधू-भगिनींनो, 1952 साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र प्रथम दाखवले गेले. आज त्याच जातीचे यंत्र आपल्या मुलांच्या हाती आहे. नुसते बटण दाबणारा कधीही बदलता येतो. आकडा समजणाऱ्याला शेठही विचारून काम करतो. तेव्हा मुलाच्या खिशात एक छोटी वही असू द्या. लाकूड, बिट, फेरे, फीड, लागलेला वेळ, सारे त्याने रोज लिहावे. ती वही हीच त्याची पुंजी.