न्यायालयात जिंकल्या, उमेदवारीत हरल्या : बोट्सवानातील महिलांचे राजकारण

ऑक्टोबर २०२४ मध्ये बोट्सवानात असे काही घडले की आफ्रिकेबाहेरच्या वृत्तपत्रांनाही त्याची दखल घ्यावी लागली. १९६६ साली देश स्वतंत्र झाल्यापासून, म्हणजे सलग ५८ वर्षे सत्तेत असलेला बोट्सवाना डेमोक्रॅटिक पक्ष मतपेटीतून पायउतार झाला. तोही थोडक्या फरकाने नव्हे. ६१ जागांपैकी त्याच्या वाट्याला आल्या फक्त ४. वकील असलेले विरोधी नेते डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. मावळत्या राष्ट्राध्यक्षांनी पराभव मान्य केला, सत्तांतर शांततेत झाले. त्या खंडात आणि इतरत्रही हल्ली हे दृश्य दुर्मिळ झाले आहे, म्हणून त्याचे कौतुक झाले ते योग्यच.

आम्हाला मात्र त्या निकालाची दुसरी बाजू जास्त बोलकी वाटली. सरकार बदलले, पक्ष बदलले, चेहरे बदलले, पण सभागृहातील महिलांची संख्या हलली नाही. मतदारयादीत महिला पुरुषांपेक्षा जास्त आहेत. नव्या संसदेत मात्र दहा सदस्यांमागे एकही महिला भरत नाही. त्याआधी २०१९ मध्ये ५७ मतदारसंघांतून जेमतेम ३ महिला निवडून आल्या होत्या. लोकांनी एवढा मोठा बदल केला आणि त्यात हा एक आकडा जसाच्या तसा राहिला, हे कसे?

महिला मागास आहेत, शिक्षण नाही, जागृती नाही, हे नेहमीचे उत्तर इथे लागू पडत नाही. बोट्सवानात मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरपदी लिनाह मोहोहलो १९९९ ते २०१६ इतकी वर्षे होत्या. मार्गारेट नाशा आणि त्यांच्यानंतर ग्लॅडिस कोकोर्वे संसदेच्या सभापती झाल्या. गाओसित्वे चिएपे १९७४ मध्येच मंत्री होत्या. आणि न्यायालयात तर या देशातील महिलांनी मिळवलेले यश अनेक मोठ्या लोकशाह्यांना हेवा वाटावा असे आहे. म्हणून आधी न्यायालयातली गोष्ट पाहू.

युनिटी डाऊ या वकील. त्यांनी एका अमेरिकन नागरिकाशी लग्न केले, संसार बोट्सवानातच थाटला. लग्नाआधी १९७९ मध्ये झालेली थोरली मुलगी बोट्सवानाची नागरिक ठरली. लग्नानंतर त्याच देशात जन्मलेली दोन मुले मात्र परकी. कारण १९८४ च्या नागरिकत्व कायद्यानुसार विवाहित जोडप्याच्या मुलांना बापाचे नागरिकत्व मिळे, आईचे नाही. परदेशी बाईशी लग्न करणाऱ्या पुरुषाला ही अडचण नव्हती. आईच्या देशात राहण्यासाठी मुलांना बापाच्या परवान्यावर अवलंबून राहावे लागत होते.

डाऊ यांनी सरकारला न्यायालयात खेचले. सरकारचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. घटनेच्या १५ व्या कलमात भेदभावाची व्याख्या करताना वंश, जमात, जन्मस्थान, राजकीय मत, वर्ण, पंथ यांची यादी आहे, तीत 'लिंग' हा शब्द नाही. सरकार म्हणाले, तो विसरून राहिलेला नाही, मुद्दाम गाळला आहे, कारण आमचा समाज परंपरेने पुरुषप्रधान आहे आणि घटनाकारांना ती परंपरा मोडायची नव्हती. हिंदू कोड बिलावरच्या चर्चा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हा सूर नवा नाही.

आधी उच्च न्यायालयाने आणि मग १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताने हा युक्तिवाद फेटाळला. घटनेचे तिसरे कलम प्रत्येक व्यक्तीला, ती कोणत्याही लिंगाची असो, मूलभूत हक्क देते. त्या कलमाला पुढच्या कलमातली यादी छोटी करू शकत नाही, असा निकाल लागला. परंपरेला राज्यघटनेपुढे वाकावे लागेल, हे त्या निकालाचे सार. पुढे घटनादुरुस्तीने १५ व्या कलमातही 'लिंग' हा शब्द आला.

पण निकाल लागला म्हणून कायदा बदलला नाही. त्याला तीन वर्षे लागली. १९९२ चा निकाल आणि १९९५ ची कायदादुरुस्ती यांच्यामध्ये जे घडले, ते आम्हाला खटल्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

१९८६ मध्ये 'एमांग बसाडी' नावाची संघटना स्थापन झाली होती. अर्थ सरळ आहे : 'महिलांनो, उभ्या राहा'. हे शब्द देशाच्या राष्ट्रगीतातच आहेत, त्यामुळे त्यांना परदेशी विचार म्हणण्याची सोय कोणाला उरली नाही. या संघटनेने १९९४ च्या निवडणुकीपूर्वी महिलांचा जाहीरनामा काढला आणि तो सर्व पक्षांसमोर ठेवला. तुम्ही आमच्यासाठी काय करणार ते सांगा, मग मते मागा. त्याच निवडणुकीत विरोधकांनी ४० पैकी १३ जागा घेतल्या, सत्ताधाऱ्यांना पहिल्यांदा धक्का बसला. पुढच्याच वर्षी नागरिकत्व कायदा दुरुस्त झाला. न्यायाधीशांनी दार उघडायला सांगितले होते, पण ते ढकलले मतांच्या भीतीने. असे आमचे मत आहे, आणि तारखा पाहिल्या तर ते फार चुकीचे वाटू नये.

या चळवळीचा परिणाम संसदेतही दिसला. १९९९ च्या निवडणुकीनंतर महिला सदस्यांचे प्रमाण सतरा टक्क्यांच्या आसपास गेले. तेव्हा वाटले असेल की आता चढण सुरू झाली. प्रत्यक्षात तो कळस ठरला. २००४ मध्ये प्रमाण अकरा टक्क्यांवर आले, २००९ मध्ये आठ टक्क्यांवर. तिथून ते दहाच्या आसपासच घुटमळत राहिले.

आणि गंमत अशी की याच काळात न्यायालयातले विजय चालूच होते. एडिथ म्मुसी या वृद्ध बाई आणि त्यांच्या बहिणींचा खटला घ्या. कान्ये गावातील वडिलोपार्जित घरात राहून, स्वतःचे पैसे घालून त्यांनी ते सांभाळले होते. ङ्वाकेत्से समाजाच्या रूढीप्रमाणे घर पुरुष वारसाकडे जाते, असे सांगत एका पुतण्याने त्यावर हक्क सांगितला. २०१२ मध्ये न्यायमूर्ती की डिंगाके यांनी ही रूढी घटनेच्या विरोधात असल्याचा निकाल दिला, २०१३ मध्ये अपील न्यायालयानेही निकाल बहिणींच्याच बाजूने ठेवला. त्याआधी २००४ च्या कायद्याने पतीची पत्नीवरील वैवाहिक सत्ता रद्द झाली होती. २०२० मध्ये जमीन धोरण बदलले आणि पतीच्या नावावर भूखंड असला तरी पत्नीला स्वतंत्र भूखंड मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. घर, जमीन, मुलांचे नागरिकत्व, एकेक हक्क मिळत गेला. सत्तेची खुर्ची तेवढी मिळाली नाही.

याचे एक कारण सार्वजनिक जागेच्या इतिहासात आहे. बोट्सवानाच्या गावात 'खोत्ला' असते. अर्धवर्तुळाकार कुंपणाची, गावप्रमुखासमोर भरणारी सभा. आपल्याकडची चावडी आणि ग्रामसभा एकत्र केली तर जे होईल, ते. तिथे न्यायनिवाडा होतो, सरकारी योजना समजावल्या जातात, मंत्र्यांनाही येऊन उत्तरे द्यावी लागतात. खोत्लात बोललेले सगळे शब्द सुंदर असतात, अशी सेत्स्वाना भाषेत म्हण आहे. म्हणजे कोणीही निर्भयपणे बोलावे. या परंपरेचा बोट्सवानाला रास्त अभिमान आहे आणि तिथली लोकशाही टिकली त्यामागे हे एक कारण सांगितले जाते. पण कितीतरी पिढ्या त्या 'कोणीही' मध्ये बाई नव्हती. ती आलीच तर खाली बसे, तिच्या वतीने पुरुष बोले. आजही तिथे जाताना स्त्रीने पँट घालू नये, डोके झाकावे, असा अनेक ठिकाणी दंडक आहे. त्याच भाषेत दुसरी म्हण आहे : मादीच्या मागे चालणारा कळप खड्ड्यात पडतो. निवडणुकीच्या प्रचारात महिला उमेदवाराविरुद्ध ती हमखास वापरली जाते. (तिसरी म्हण सांगते की लेकरासाठी आई सुरीचे पाते हाताने धरते. पण ती कौतुक करण्यापुरती.)

म्हणून २००३ मध्ये रामोत्स्वा येथे जे घडले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. बालेते समाजाचे प्रमुखपद रिकामे झाले. थोरले अपत्य होत्या मोसाडी सेबोको, बँकेत नोकरी केलेल्या. 'मोसाडी' या शब्दाचा अर्थच स्त्री. प्रमुख पुरुषच हवा, असा आग्रह होता. सेबोको यांनी ज्येष्ठत्वाचा आणि घटनेतील समानतेचा आधार घेतला आणि समाजाने त्यांना स्वीकारले. देशातील आठ मुख्य जमातींपैकी एकीच्या प्रमुखपदी बसलेली ती पहिली महिला. ज्या खोत्लात बाईने बोलायचे नाही, तिथे अध्यक्षस्थानी बाई. मग प्रश्न पडतो : जे परंपरेच्या बालेकिल्ल्यात जमले, ते आधुनिक राजकीय पक्षांत का जमले नाही?

आमच्या मते उत्तर उमेदवारीच्या टप्प्यावर आहे. बोट्सवानात ब्रिटिशांकडून आलेली, आपल्यासारखीच पद्धत आहे. एक मतदारसंघ, एक विजेता. तिथे पक्षाचे तिकीट मिळवायला आधी पक्षांतर्गत निवडणूक लढवावी लागते. दीर्घकाळ सत्तेत राहिलेल्या पक्षात तिला 'बुलेला डित्स्वे' म्हणत. कागदावर हे फार लोकशाहीवादी आहे, सगळ्या सदस्यांना मत. प्रत्यक्षात उमेदवाराला दोन निवडणुका लढवाव्या लागतात आणि दोन्हींचा खर्च बराचसा स्वतःच्या खिशातून, कारण पक्षांना सरकारी निधी नाही. कलहारीच्या अंतरांवर फिरायला गाडी हवी, पेट्रोल हवे, कार्यकर्त्यांचे जेवण हवे. रात्रीच्या बैठकांना जाता आले पाहिजे. गुरांचे कळप आणि जमीन कोणाच्या नावावर आहेत, हे पाहिले की यात कोण मागे पडणार ते कळते. न्यायालयात एकटी बाई एका वकिलासह, एका मुद्द्यावर सरकारला हरवू शकते. पक्षांतर्गत निवडणुकीत 'मला तिकीट का नाही' असे विचारायला न्यायालय नाही.

मग जी फट उरते ती नेमणुकीची. संसदेत सहा विशेष सदस्य असतात, त्यांची नावे राष्ट्राध्यक्ष सुचवतात. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झालेल्या, २००६ मध्ये मध्य कलहारीतील बसारवा आदिवासींना त्यांच्या भूमीवर परतण्याचा हक्क देणाऱ्या खंडपीठात बसलेल्या युनिटी डाऊ २०१४ मध्ये संसदेत आल्या त्या याच दाराने. आता बोको सरकारमध्ये युवक व लिंगभाव खात्याच्या मंत्री लेसेगो चोम्बो आहेत. वकील, माजी मिस बोट्सवाना, नेमणूक झाली तेव्हा वय २६. त्याही विशेष सदस्य. व्यक्ती म्हणून त्यांच्या कर्तृत्वाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्या आसनाची मालकी एका माणसाच्या मर्जीवर आहे, त्यावर बसून त्या माणसाला अडचणीचा प्रश्न विचारणे कठीण जाते. आणि असे सदस्य प्रत्येक वेळी नव्याने नेमावे लागतात, मागे मतदारसंघ उभा राहत नाही.

शेजारच्या नामिबियाने वेगळी वाट धरली. तिथे संसदेची निवडणूक पक्षांच्या याद्यांवर होते. सत्ताधारी स्वापो पक्षाने २०१३ मध्ये यादीत एक पुरुष, एक महिला असा क्रम स्वीकारला, त्याला झेब्र्याच्या पट्ट्यांवरून नाव पडले. पुढच्याच निवडणुकीत महिलांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेले. मार्च २०२५ मध्ये नेतुम्बो नांदी-न्दाइत्वा राष्ट्राध्यक्ष झाल्या. उपराष्ट्राध्यक्ष लुसिया विटबूई आणि सभापती सारा कुगोंगेलवा-आमाधिला, दोन्ही महिला. नामिबियाची जनता बोट्सवानाहून जास्त पुरोगामी आहे असे नाही. गर्भपाताचा कायदा तिथे अजून १९७५ चा, वर्णभेदी राजवटीने केलेलाच आहे. यादीच्या पद्धतीतही दोष आहेत, यादी बनवणाऱ्या नेतृत्वाची मर्जी तिथेही चालते. पण लेखी नियमाप्रमाणे निम्मी यादी महिलांची असेल, तर ती मर्जी निदान एका मर्यादेत राहते.

एकच विजेता असलेल्या पद्धतीतही उपाय नाहीत असे नाही. आपल्या पंचायतींमध्ये राखीव जागांनी काय बदलले आणि काय नाही, याचा तीस वर्षांचा अनुभव आपल्यासमोर आहे. बोट्सवानाने मात्र आकड्यांच्या बंधनापासून सतत अंग चोरले. दक्षिण आफ्रिकी विकास समुदायाने २००८ मध्ये लिंगभाव करार केला आणि निर्णयाच्या पदांवर निम्म्या महिला हे उद्दिष्ट ठेवले. त्या समुदायाचे मुख्यालय बोट्सवानाच्या राजधानीत, गॅबोरोनमध्ये आहे. करारावर सही करायला यजमान देशाने २०१७ उजाडवले, तेही करारातील बंधने सैल झाल्यावर.

हे सगळे प्रतिनिधित्वाच्या टक्केवारीपुरते असते तर आम्ही एवढे लिहिले नसते. घटनेच्या त्याच १५ व्या कलमात अजून एक पोटकलम आहे. विवाह, घटस्फोट, दत्तक, अंत्यसंस्कार, वारसा आणि रूढीचा कायदा यांना भेदभावबंदीतून सूट देणारे. म्मुसी बहिणींना जिंकण्यासाठी या सुटीशी झुंजावे लागले आणि पुढच्या प्रत्येक बाईला स्वतंत्रपणे झुंजावे लागेल, जोवर संसद ते पोटकलम काढत नाही. कान्येपासून दूर, वकिलाची फी न परवडणाऱ्या विधवेच्या घराचा प्रश्न त्या सभागृहात अडकला आहे.

पुढची सार्वत्रिक निवडणूक २०२९ मध्ये आहे. महिलांसाठी तिचा निकाल त्याआधीच, पक्षांच्या अंतर्गत निवडणुकांत लागलेला असेल. सत्तेवर आलेल्या आघाडीने विरोधात असताना जुन्या पक्षाच्या मक्तेदारीवर पुष्कळ टीका केली होती. स्वतःच्या उमेदवारीच्या नियमांना ती हात लावते का, एवढे पाहायला २०२९ ची वाट पाहण्याची गरज नाही.