सेराडोच्या माळावरील ऊस : नव्या वाणांचे यश आणि पाण्याची मर्यादा

जागतिक साखर बाजारात भारताचा मोठा स्पर्धक असलेल्या ब्राझीलने गेल्या दोन दशकांत उसाचे क्षेत्र साओ पाउलो राज्यातील पारंपरिक पट्ट्याबाहेर, सेराडो या विस्तीर्ण सव्हाना प्रदेशात नेले. पेट्रोल आणि इथेनॉल अशा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारी २००३ मध्ये बाजारात आल्या, इथेनॉलची मागणी वाढली आणि गोयास व मातो ग्रोसो दो सुल या राज्यांत नवे कारखाने उभे राहिले. भांडवल आणि तुलनेने स्वस्त जमीन ही या विस्ताराची तात्कालिक कारणे होती. परंतु तो टिकून राहिला तो ऊस पैदासकारांच्या कामामुळे.

सुमारे २० लाख चौरस किलोमीटरच्या सेराडोत पाऊस कमी नाही. तो मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पडतो आणि उरलेले महिने कोरडे जातात. जमीन खोल व निचऱ्याची असली, तरी आम्लधर्मी आहे. तीत स्फुरद अल्प असून अॅल्युमिनियममुळे मुळांची वाढ खुंटते. चुना आणि जिप्सम टाकून जमिनीचा दोष कमी करता येतो, मात्र पावसाचे वेळापत्रक बदलता येत नाही. तेथील गाळप हंगाम नेमका कोरड्या महिन्यांत असल्याने जुलै-ऑगस्टमध्ये तोडलेल्या उसाचा खोडवा ओल नसलेल्या जमिनीतून फुटावा लागतो. वाणाची खरी कसोटी तेथेच लागते.

त्यामुळे निवडीचे निकषही बदलले. केवळ उत्पादन व साखर उतारा न पाहता खोल मुळे, यंत्राने तोडणी झाल्यावरही टिकणारा खोडवा आणि तुरा न येणे यांना महत्त्व आले. विषुववृत्ताच्या जवळ जावे तसे उसाला तुरा येण्याचे प्रमाण वाढते, कांडी पोकळ पडते आणि साखर घटते. संकरासाठी मात्र तुराच हवा असतो. म्हणून विद्यापीठांचे ‘रिदेसा’ हे जाळे ईशान्येकडील अलागोआस राज्यातील केंद्रावर संकर घडवते आणि त्यातून मिळालेल्या रोपांची निवड वेगवेगळ्या प्रदेशांत करते. अलागोआसमध्येच १९८६ साली झालेल्या संकरातून ‘आरबी ८६७५१५’ हा काटक वाण निवडला गेला. तो १९९७ मध्ये प्रसारित झाला आणि पुढे हलक्या जमिनींवर देशभर पसरला.

या यशातच एक धोका दडलेला आहे. १९९० च्या दशकात ‘एसपी ७१-६१६३’ हा लोकप्रिय वाण पाने पिवळी पडण्याच्या रोगामुळे ब्राझीलच्या शेतांतून हद्दपार झाला. एकाच वाणावर विसंबण्याची ही किंमत महाराष्ट्रालाही दुर्लक्षिता येणार नाही, कारण राज्यातील उसाचा मोठा हिस्सा दीर्घकाळ ‘को ८६०३२’ या एका वाणाखाली आहे. संकर एका ठिकाणी आणि निवड प्रत्यक्ष लागवडीच्या प्रदेशात, ही पद्धतही भारताला नवी नाही. कोइमतूर येथे झालेल्या संकराच्या बियाण्यातून दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात ‘एनको ३१०’ निवडला गेला आणि १९४० च्या दशकात प्रसारित झाल्यावर तो अनेक देशांत पोहोचला.

तथापि काटक वाण पाण्याची गरज कमी करतो, ती संपवत नाही. सेराडोतील कारखाने तोडणीनंतर खोडवा जगवण्यासाठी एखादे-दुसरे हलके पाणी देतात किंवा आसवनीतील सांडपाणी शेतात सोडतात. साओ फ्रान्सिस्को आणि तोकान्तिन्ससारख्या नद्यांना याच प्रदेशातून पाणी मिळते. ब्राझील सरकारने २००९ मध्ये ऊस लागवडीसाठी क्षेत्रनिश्चिती करून अॅमेझॉन व पांतानाल हे प्रदेश वगळले. सेराडोला तसे सरसकट संरक्षण मिळाले नाही. ती क्षेत्रनिश्चितीही २०१९ मध्ये रद्द झाली.

ऊस कोठे तग धरू शकतो, याचे उत्तर पैदासकार देऊ शकतात. तो कोठे लावावा, हा निर्णय पाण्याचा हिशेब मांडून शासनालाच घ्यावा लागतो. काटक वाणाच्या भरवशावर हा हिशेब टाळला गेला, तर कोरड्या प्रदेशात उसाची पुढची प्रत्येक मजल नद्यांच्याच खर्चाने गाठली जाईल.