माशी आणि मासा

आमचे घराणे माळकरी. मासा आमच्या घरात फक्त पंचांगात, तोही बारावी रास म्हणून. अशा घरातला आमचा दादा स्कॉटलंडात सुटीच्या दिवशी गळ टाकून बसतो, हे कळल्यापासून आईने त्याचा विषयच टाकला होता. तोही सहा वर्षे फिरकला नव्हता. यंदा उन्हाळ्याच्या सुटीत मी निघालो, तेव्हा मात्र डबा बांधता बांधता म्हणाली, "दिवाळीला येतोस का, एवढं विचार."

विचारायला निवांतपणा मिळाला तो होडीत. इन्व्हर्नेसच्या वायव्येला असिंट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तळी तर इतकी, की परमेश्वराने ओला हात झटकला असावा! तळ्याला तिकडे 'लॉख' म्हणतात. पीटच्या काळ्या मातीतून झिरपणारे हे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे, आणि माशांच्या दृष्टीने दरिद्री. म्हणून इथला तपकिरी ट्राउट पाव किलोचा भरला तरी पुष्कळ. पण तो अस्सल रानचा; तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यात जन्मलेला.

आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात. इथे आमिष म्हणजे चिमूटभर पीस नि लोकर, आकड्यावर रेशमाने गुंडाळलेली. माशाला ती माशी वाटावी, एवढीच अपेक्षा. (भाषेच्या मास्तराला या माशी-माशातच निम्मी मजा!) असली हलकी वस्तू फेकणार कशी? तर वजन दोरीत असते. काठी मागे झोकायची, दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत थांबायचे, मग पुढे. ते थांबणेच मला जमेना. तासाभरात माझी माशी दादाच्या टोपीत दोनदा रुतली.

"घाई करतोस. लहानपणापासून तसाच."

होडी वाऱ्याला आडवी होऊन आपोआप वाहत होती. म्हटले, आता विचारावे.

"दादा, आई विचारतेय, दिवाळीला येतोस का?"

"वारा पडला," दादा म्हणाला.

खरेच पडला होता. पाणी आरशासारखे झाले, की माशाला दोरी दिसते आणि तो वर येत नाही. वर येतात ती चिलटे! अर्धा तास आम्ही दोघे भाऊ काही न बोलता आपापल्या माना खाजवीत बसलो.

मग पाण्यावर बारीक लहर उठली, नि माझ्या हातातली काठी एकदम वाकली. मासा जाळ्यात आला तेव्हा मीच थरथरत होतो. पोट लोण्याच्या रंगाचे, अंगावर काळे-तांबडे ठिपके.

"आधी हात ओला कर. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो."

आकड्याला उलटा काटा नव्हता. तो अलगद सुटला. दादाने माशाला पाण्यात धरले. शेपटी हलली, आणि गेला.

"सोडलास?"

"नेहमीच सोडतो. खात नाही मी. आईने कधी विचारलंच नाही."

"तू सांगितलंस कधी?"

तो दोरी गुंडाळू लागला. किनारा जवळ आल्यावर, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "सहा ऑक्टोबरला ट्राउटचा हंगाम संपतो. मग पंधरा मार्चपर्यंत गळ टाकायचा नाही, कायदाच आहे. तेव्हा मोकळाच असतो मी."

आईने परवाच अनारशांचे तांदूळ भिजत घातले.