जातिवंत घोड्याला जमीन

गेल्या जयंतीला आमच्या वस्तीत एका पुढाऱ्यानं भाषण ठोकलं. म्हणाला, आपण मूळचे लढवय्ये, आपलं रक्त जातिवंत हाय, जातिवंत घोडा उकिरड्यावर बांधला तरी घोडाच असतो. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या पोरानं शिट्टी मारली. मी हात हलवला नाही. रात्रपाळी करून आलो होतो, डोळे चुरचुरत होते, पण तो एक शब्द तुटलेल्या सुताच्या गाठीसारखा डोक्यात अडकून बसला. जातिवंत.

तर दोस्तहो, आधी त्या घोड्याचंच बघू. मी शाळा सोडली सातवीत. पुढचं जे वाचलं ते रद्दीच्या दुकानात आणि वाचनालयात, पाळीच्या आधी नाहीतर नंतर. त्यामुळं चुकलो तर सांगा, पण भिडेखातर गप बसू नका.

इंग्रजाचा जो शर्यतीचा जातिवंत घोडा, त्याची वंशावळ छापायला वेदरबी नावाच्या माणसानं 1791 मध्ये सुरुवात केली. आपल्याकडे भटाच्या घरी कुळाची वही असते तशी ही घोड्यांची वही. आज जगात या जातीचे जेवढे घोडे आहेत त्यांच्या बापाची ओळ मागं नेत गेलं तर तीन घोड्यांवर येऊन थांबते. तिघंही बाहेरचे. एक तुर्की, दोन अरबी म्हणून ओळखलेले. आणि आया? त्यातल्या पुष्कळ इंग्लंडातल्या तिथल्याच घोड्या. मंजे ज्याला शुद्ध म्हणतात तो मुळात संकर. आधी मिसळले, मग वहीचं दार लावून घेतलं आणि म्हणाले, आत आहे तेवढं शुद्ध, बाहेरचं हलकं. बाबासाहेबांनी 1916 साली, वयाच्या पंचविशीत, न्यूयॉर्कमध्ये निबंध वाचला, त्यात जातीचं हेच गणित सांगितलं होतं. वर्गानं आपलं दार बंद केलं की जात तयार होते.

पुढची गंमत ऐका. 1913 साली इंग्रजांनी त्या वहीचा नियम आणखी आवळला. अमेरिकेतले पुष्कळ घोडे त्यामुळं अर्धजातीचे ठरले, कारण त्यांचे सगळे पूर्वज वहीत सापडेनात. मग हेच अर्धजातीचे इंग्लंडच्या मैदानात येऊन मोठमोठ्या शर्यती मारायला लागले. च्यायला, करायचं काय? 1949 साली गुपचूप नियम सैल केला. घोडा पळाला म्हणून वही बदलली. आपल्याकडे माणूस किती का पळेना, वही बदलत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्यातले काही भाऊ म्हणतात, इंग्रज आला म्हणून आपण सुटलो. शाळा उघडली, पलटणीचा दरवाजा उघडला, हे खरं. मी नाकारत नाही. पण तोच दरवाजा त्यानं 1892 च्या सुमाराला महारांच्या तोंडावर आपटला, तोही याच घोडेबाजारी अकलेनं. अमक्या जाती लढाऊ, तमक्या नाहीत, जशी अमकी घोडी पैदाशीची आणि तमकी भाड्याच्या टांग्याची. गोपाळबाबा वलंगकरांना 1894 मध्ये अर्ज लिहावा लागला, आम्ही पण शिपायाचीच पोरं आहोत म्हणून. ज्या मापानं आपल्याला बाहेर काढलं तेच माप आज आपला पुढारी स्टेजवरून आपल्या छातीला लावतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

आणि जमिनीचं काय केलं त्यानं, ते पंजाबात जाऊन बघा.

चिनाब आणि झेलम नद्यांतून कालवे काढले. ओसाड रानाला पाणी मिळालं, लाखो एकर जमीन सरकारच्या हातात. 1892 पासून चिनाब वसाहत, मग 1901-02 पासून झेलम वसाहत, शहापूर जिल्ह्यात, सरगोधा हे तिचं शहर. ही जमीन कुणाला द्यायची? ज्याला जमीन नाही त्याला, असं तुम्ही आम्ही म्हणू. सरकार म्हणालं, फौजेला घोडे पाहिजेत. 1900-01 मध्ये सरकारनं घोडे आणि खेचरांच्या पैदाशीवर एक कमिशन बसवलं होतं. त्याच्यानंतर झेलम वसाहतीत अट आली : जमीन घे, पण पैदाशीची घोडी पाळ. घोडी सरकारी अधिकाऱ्यानं पास केलेली पाहिजे. तिला फळवायला सरकारी घोडा, विलायती नाहीतर अरबी रक्ताचा. शिंगरू चांगलं निघालं तर पहिली नजर फौजेची. घोडी मेली तर दुसरी आण. नाही आणली तर जमीन गेली. अशा माणसाला घोडीपाल म्हणायचे. त्याच्या पोरांत जमीन वाटायची पण नाही, वारस एकच. बाकीचे भाऊ बसले हात चोळत. सरकारचा हिशेब सरळ होता. वाटण्या झाल्या तर घोडीचा खुराक कमी पडेल.

वाचताना मी इथं थांबलो. मंजे त्या जमिनीवर खरा हक्क घोडीचा होता. माणूस तिचा राखणदार.

पण तो राखणदार सुद्धा कोण? वसाहतीची जमीन द्यायची ती शेतकरी जातींना, असं धोरण. जाट, अराईं, राजपूत, असे. जोडीला 1900 चा पंजाब जमीन हस्तांतरण कायदा. सावकारानं शेतकऱ्याची जमीन गिळू नये म्हणून केला, म्हणे. कायद्यानं जिल्ह्याजिल्ह्यात शेतकरी जमातींची यादी केली. यादीतल्याची जमीन यादीबाहेरच्यानं सरकारी परवानगीशिवाय कायमची विकत घ्यायची नाही. सावकार यादीबाहेर पडला, त्यानं बोंब मारली, त्याच्याकडे वकील होते, वर्तमानपत्रं होती. आणि यादीबाहेर आणखी कोण होतं? चांभार. चुहडा. लोहार, सुतार, मोची, कुंभार. तिकडं यांना सगळ्यांना मिळून कमीन म्हणत. कमीन म्हणजे हलका. ज्यानं आयुष्यात कुणाला चार आणे व्याजानं दिले नाहीत, तो सावकाराच्या रांगेत उभा केला. पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेला चांभार कायद्यानं शेतकरी नाही.

आता त्या घोडीकडे परत बघा. तिला नाल कुणी ठोकले? लोहारानं. खोगीर, लगाम, चामड्याचा पट्टा कुणी शिवला? मोच्यानं. तबेल्याची लाद कुणी उचलली? चुहड्यानं. बदल्यात काय, तर सुगीला धान्याचं माप. तिकडं त्याला सेप म्हणतात. आपण बलुतं म्हणतो. नाव बदललं, ओंजळ तीच. राहायची जागा सुद्धा जमीनमालकांच्या गावठाणात, त्यांच्या मर्जीवर. भांडण झालं तर छप्पर उचलून चालता हो.

कुणी म्हणेल, काहींना मिळाली की जमीन. हो, मिळाली. पायोनियर पलटणीतल्या मजहबी शिखांना थोडी मिळाली. ख्रिस्ती झालेल्या काही चुहड्यांना मिशनऱ्यांच्या खटपटीनं गावं मिळाली, खुशपूर, मार्टिनपूर अशी. एकाला बंदुकीच्या बदल्यात, दुसऱ्याला बाप्तिस्म्याच्या. नुसता माणूस आहे म्हणून कुणाला मिळाली, ते मला दाखवा.

1907 मध्ये वसाहतीतल्या शेतकऱ्यांनी सरकारच्या नव्या विधेयकाविरुद्ध मोठा उठाव केला. 'पगडी संभाल जट्टा' हे गाणं त्यातलंच. लजपतराय आणि अजितसिंगांना मंडालेला धाडलं, शेवटी व्हाइसरॉय मिंटोनं विधेयकाला मंजुरी नाकारली. डावे मित्र ही गोष्ट फार रंगवून सांगतात, आणि लढा खरा होता. मी फक्त एवढंच विचारतो, ज्याच्या डोक्याला पगडीच नव्हती त्यानं काय सांभाळायचं होतं? त्याचं गाणं कुणी बांधलं का? 1926 मध्ये मंगूरामनं होशियारपूर जिल्ह्यात मुग्गोवालला आद धर्माची सभा भरवली, तेव्हा कुठं ही माणसं आपल्या तोंडानं बोलायला लागली. 1931 च्या जनगणनेत चार लाखांवर लोकांनी आपला धर्म आद धर्म असा नोंदवला. तो हस्तांतरण कायदा भारतात जायला 1951 साल उजाडलं.

बाबासाहेबांचं 'जातिनिर्मूलना'चं भाषण पण पंजाबसाठीच लिहिलेलं, 1936 मध्ये लाहोरसाठी. बोलावणाऱ्यांनी वाचून घाम फुटून परिषदच रद्द केली. त्यात बाबासाहेबांनी रक्ताच्या शुद्धीची पार चिंधी केलीय. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांचा वंश एक आहे, असं त्यांनी तिथं लिहून ठेवलंय. आमच्या पुढाऱ्यानं ते पुस्तक कपाटात ठेवलंय, काचेच्या आत, हार घालून.

हा जुना मामला नाही. आजच्या भारतातल्या पंजाबात 2011 च्या जनगणनेनुसार जवळजवळ 32 टक्के लोक अनुसूचित जातीचे, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्यांच्या नावावर जमीन नखाएवढी. गावच्या शामलात जमिनीतला लागवडीचा तिसरा हिस्सा लिलावात त्यांच्यासाठी राखीव आहे, पण जाट मालक आपलाच सालदार उभा करून त्याच्या नावानं बोली लावतो. 2014 पासून संगरूरकडची आपली माणसं त्याच तिसऱ्या हिश्श्यासाठी लाठ्या खातायत. बाया पुढं असतात. त्यांच्यातलं कुणी आपलं रक्त कुठल्या जातीच्या घोड्याचं ते सांगत बसत नाही.

आणि आपण? 1959 ला आणि 1964 ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, माणसांनी तुरुंग भरले. माझा आजा त्यात होता, मी ऐकलंय आजीकडून. तेव्हाच्या मागण्यांतलं गायरान अजून किती जणांच्या नावावर झालं नाही, हे आपल्या आपल्या तालुक्यात विचारून बघा. आमच्या गावच्या गायरानावर तीन घरं चाळीस वर्षं ज्वारी काढतात, आणि सातबाऱ्यावर अजून सरकार.

पुढच्या जयंतीला तो पुढारी परत येणार, वर्गणी गोळा झालीय. येऊ दे. आमच्या गिरणीची सुट्टी सोमवारी असते आणि सोमवारीच तलाठी चावडीत सापडतो. आम्ही तिघं जुन्या पावत्या घेऊन जाणार आहोत. यायचं असेल त्यानं सकाळी आठला गिरणीच्या गेटवर यावं, चहा माझा.