कुठल्या तोंडाने येऊ?



घरभेटीला गेलो की आम्हा स्वयंसेवकांना एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते: "आता कुठल्या तोंडाने चर्चला येऊ?" कोणाचे दारूपायी घर मोडलेले असते. कोणी सख्ख्या भावाला जमिनीसाठी कोर्टात ओढलेले असते. कोणी वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात गावी पोहोचलेला नसतो. पहिला रविवार चुकतो तो लाजेने. पुढे आपल्या जोयड्यातला पाऊस, रानातली वाट आणि वाडीपासून चर्चपर्यंतचे अंतर अशी कारणे मिळत जातात, आणि वर्ष निघून जाते.

अशा माणसाबद्दल आपण पटकन म्हणतो, "त्याचा विश्वासच कमी." आम्हाला हे पटत नाही. ज्याचा विश्वास मेला आहे, त्याला चर्चची लाज कशाला वाटेल? या माणसाला सोबत कमी पडली आहे, आणि ती देणे हे आपल्या सगळ्यांचे काम आहे, असे आमचे मत आहे.

शुभवर्तमानात पस्तावलेली दोन माणसे आपण ओळखतो. यहूदाने प्रभूला धरून दिले, पेत्राने तीन वेळा नाकारले. पस्तावा दोघांनाही झाला. मत्तयाच्या 27 व्या अध्यायात यहूदा आपले पाप उघड कबूल करतो आणि घेतलेली 30 नाणीही परत नेतो. पण तो जातो मुख्य याजकांकडे, आणि ते हात झटकतात. तुझे तू बघ, अशी त्यांची भाषा. मंदिरातून तो बाहेर पडला तेव्हा त्याच्यासोबत कोणी नव्हते.

पेत्रही त्या रात्री बाहेर जाऊन रडला. पण पुढे पाहा. पुनरुत्थानाच्या सकाळी माग्दालिया मरिया धावत येते ती पेत्राकडे. मार्कच्या शुभवर्तमानात कबरेजवळचा दूत निरोप देताना पेत्राचे नाव मुद्दाम घेतो. तो मासे धरायला निघतो, तर आणखी सहा जण त्याच्याबरोबर होडीत बसतात. ज्याने गुरूला नाकारले, त्याला सोबत्यांनी टाकले नाही. म्हणून प्रभू किनाऱ्यावर आला तेव्हा पेत्र तिथे सापडला.

त्या किनाऱ्यावर प्रभूने कोळशाचा विस्तव पेटवला होता. योहानाच्या शुभवर्तमानात असा विस्तव दोनदाच येतो: एकदा पेत्र नाकारतो त्या अंगणात आणि एकदा इथे. प्रभूने ती रात्र पुसून टाकली नाही. त्याच उबेजवळ बसवून पेत्राला तीन वेळा प्रेमाबद्दल विचारले, आणि प्रत्येक उत्तरामागून मेंढरे सांभाळण्याचे काम सोपवले.

झालेले पुसता येत नाही, हे आपल्या तालुक्याला वेगळे सांगायला नको. या तालुक्याचे जुने नावच सुपा. काळी नदीवर गणेशगुडीला धरण झाले आणि 1980 च्या दशकात सुपा गाव आणि भोवतालची शेते पाण्याखाली गेली. माणसे उठून रामनगरला आणि इतरत्र गेली. बुडालेले अंगण कोणालाच परत मिळाले नाही. तरी नव्या जागी चुली पेटल्या, लग्ने झाली, मुले शाळेत गेली. आपल्या हातून झालेल्या चुकीचेही तसेच आहे. गेलेले वर्ष, बोललेला शब्द परत येत नाही. देवाची क्षमा धरणाचे पाणी मागे सारीत नाही; ती अलीकडच्या काठावर राहायला जागा आणि करायला काम देते.

मग अशा माणसाला आणायचे कसे? संत जोसेफ वाझ यांच्याकडे पाहू. 1651 साली गोव्यात जन्मलेल्या या धर्मगुरूंनी 1681 ते 1684 आपल्या कानडा प्रांतात सेवा केली. 1687 मध्ये ते मजुराच्या वेषात श्रीलंकेला उतरले. तिथे डचांचा अंमल होता आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. जाफन्याच्या कॅथलिकांना सुमारे 30 वर्षे मिस्सा नव्हती. भीतीपोटी अनेकांनी वरवर डचांचा पंथ पत्करला होता. त्यांच्या मनात किती खंत साचली असेल! फादर वाझ आजारी होते, पैसा नव्हता. त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागत फिरले. जपमाळ पाहून कोणाचा चेहरा बदलतो, ते पाहत राहिले. लोक येतील आणि मग कुमसार ऐकू, अशी वाट पाहिली नाही. पुढे कॅंडीत हेर समजून त्यांना कैदेतही टाकले. जवळजवळ दहा वर्षे दुसरा धर्मगुरू मदतीला नव्हता. तरी 1711 मध्ये मरेपर्यंत ते तिथेच राहिले.

कोणी विचारील, अशाने पाप हलके होत नाही का? जक्कयाची गोष्ट आठवा. प्रभू आधी त्याच्या घरी गेला, त्यानंतर जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले. भावाचा हिस्सा द्यायलाच हवा, बायकोची माफी मागायलाच हवी, कुमसार करायलाच हवी. पण हे करण्याचे बळ घरात एकट्याने कुढत बसून येत नाही.

म्हणून दोन विनंत्या. घरी बसलेल्या भावाला आणि बहिणीला: मन साफ होईपर्यंत थांबू नका. प्रार्थना सुचत नसेल तर मागच्या बाकावर नुसते बसा. डोळे भरून आले तर येऊ द्या. टिकून राहणे म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा येणे, एवढेच आज धरा.

आणि आपल्याला, जे नेमाने येतो: "इतके दिवस कुठे होता?" हा प्रश्न चर्चच्या दारात विचारू नका. त्याऐवजी शनिवारी संध्याकाळी त्या घरी जा. चहा घ्या, भाताची, गुरांची चौकशी करा, आणि निघताना म्हणा, "उद्या आम्ही याच वाटेने जाणार आहोत, मावशी. तयार राहा, एकत्र जाऊ." वाट लांब असेल तर गाडीवर मागची जागा रिकामी ठेवा. "तुझे तू बघ" हे मुख्य याजकांचे शब्द आपल्या धर्मग्रामात कोणाच्या कानी पडू नयेत.

हे प्रभू येशू, पेत्रासाठी तू विस्तव पेटवून थांबलास. जे लाजेने दूर राहिले आहेत त्यांना तुझी हाक ऐकू येऊ दे, आणि त्यांच्या दारापर्यंत चालत जाण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.