नाइट मोडचा फोटो पुरावा म्हणून चालणार नाही

लेण्याद्रीच्या डोंगरातली लेणी बौद्ध आहेत. त्यातल्या ७ क्रमांकाच्या विहारात, भिक्खूंसाठी कोरलेल्या २० खोल्यांच्या दालनात, आज अष्टविनायकातला गिरिजात्मज आहे. शेजारचं ६ क्रमांकाचं चैत्यगृह मात्र रांगेतली बहुतेक माणसं ओलांडून जातात. तिथे स्तूप आहे आणि एका ओळीचा ब्राह्मी लेखही आहे : हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्याचा व्यवहार करणाऱ्याचा, मुलगा सुलसदत्त याचं दान. दात्याचं नाव-गाव दगडावर असताना ‘ही पांडवांनी एका रात्रीत कोरली’ म्हणणारे आजही भेटतात. त्यांच्यापुढे आपण मोबाइलमधला फोटो धरतो. तो फोटो कसा काढलाय, हे मात्र आपण स्वतःला विचारत नाही.

आधी आमची चूक. जुन्नर परिसरातल्या एका लेखाचा नाइट मोडमध्ये काढलेला फोटो आम्ही पोस्टरवर टाकला आणि त्यात एक अनुस्वार वाचला. व्हॉट्सअॅपवर वाद घालणाऱ्या एकाने दिवसाउजेडी काढलेला फोटो समोर ठेवला. आमचा अनुस्वार म्हणजे खडकातला खळगा होता! पोस्टर मागे घेतलं. त्यानंतर आमचं बाकीचं खरं म्हणणंही तिथे कुणी ऐकून घेतलं नाही.

तेव्हापासून लेण्यात जाण्याआधी कॅमेरा घरीच तपासतो. स्वयंपाकघरात अंधार करायचा आणि टाकी लावलेल्या पाट्याचे फोटो काढायचे. समोरून फ्लॅश मारला की सावल्या जातात, टाकीचे घाव सपाट दिसतात. नाइट मोड अनेक फ्रेम एकत्र करतो, दाणे पुसतो, कडा स्वतःच्या मर्जीने धारदार करतो. चित्र देखणं होतं, पण बारीक घाव कुठे पुसले जातात तर कुठे नसलेले उमटतात. प्रो मोडमध्ये आयएसओ १०० ते २००, शटर अर्धा-एक सेकंद, दोन सेकंदांचा टायमर आणि रॉ फाइल ठेवली, की पाटा आहे तसा येतो. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून मोबाइल पाठपिशवीवर टेकवायचा. तिथल्या रखवालदाराशी हुज्जत घालू नका, तो आपला शत्रू नाही.

लेखावर टॉर्च समोरून नको. भिंतीला जवळजवळ समांतर धरा, आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून. उजेडाच्या दिशेने जाणाऱ्या रेघेला सावलीच पडत नाही, त्यामुळे एका बाजूच्या फोटोत अक्षर अर्धं दिसतं. अक्षर उठून दिसावं म्हणून खडू, पाणी, तेल लावणारे आपल्यातही आहेत. ते ताबडतोब थांबवा.

काही कार्यकर्ते म्हणतात, रंगीत, झगमगीत फोटो जास्त शेअर होतात. स्टेटसला तसा ठेवा, आमची हरकत नाही. मूळ फाइल मात्र तारीख आणि लेणे क्रमांकासह जपा. मोठा कॅमेरा नाही ही सबबही पुरे. भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांमधल्या लेखांचं वाचन १८८१ साली छापलं. आपला फोटो त्या वाचनाशी अक्षर-अक्षर ताडून बघा.

चतुर्थी टाळून जा. लेणी दक्षिणमुखी आहेत, डिसेंबर-जानेवारीत ऊन त्यातल्या त्यात आतवर येतं. आणि एकट्याने जाऊ नका, टॉर्च धरायला दुसरा माणूस लागतोच.