कुरकुर कोणाची आणि करारीपणा कोणाचा?

परवा पंचवटीतील एका स्वस्त धान्य दुकानापुढे एक वृद्ध मोलकरीण उभी होती. आयुष्यभर भांडी घासून बोटांवरील रेषा झिजलेल्या. यंत्र तिचा अंगठा ओळखेना. 'मग मी आता काय करायचे?' असे तिने तिसऱ्यांदा विचारताच मागून कोणी म्हणाले, 'काय पिरपिर लावली आहे!' रांगेतील माणसे हसली. त्या क्षणी तिचा प्रश्न बाजूला पडला आणि तिचा स्वभाव चर्चेचा विषय झाला.

त्रासिक माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. तिरसट, तुसडा, चिडखोर, किरकिऱ्या, भांडकुदळ, रडतराऊत! काही माणसे खरोखरच तशी असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु संपत्तीप्रमाणे या विशेषणांचेही वाटप विषम आहे. अधिकारी ओरडला तर तो 'कडक', मालक ओरडला तर 'शिस्तीचा', पुढारी ओरडला तर 'करारी'. हमाल ओरडला की मात्र 'भांडखोर', आणि त्याची बायको ओरडली की 'कजाग'. 'कजाग' आणि 'खाष्ट' ही विशेषणे पुरुषाला लावलेली आपण कितीदा ऐकली?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कटकट हे सारे ध्वनिवाचक शब्द आहेत. कुरकुरते ती खाट, भुणभुणतो तो डास. आवाजाला उत्तर द्यावयाचे नसते, तो बंद करावयाचा असतो. याउलट 'दाद' म्हणजे मुळात न्याय. 'फिर्याद' म्हणजे न्यायासाठी फोडलेला टाहो. अरबीतून आलेल्या 'तक्रारी'चा मूळ अर्थ पुनरावृत्ती असा आहे. म्हणजे तिसऱ्यांदा विचारणे हा तिचा धर्मच होय. कोकणात तर गाऱ्हाणे प्रत्यक्ष ग्रामदेवतेला घालतात. या शब्दांत समोर कोणी तरी उत्तर देण्यास बांधलेला असतो. पहिल्या शब्दांत तो नाहीसा होतो.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एक साधा विचार मांडला. संस्था बिघडली की माणसापुढे मुख्यतः दोन मार्ग उरतात: आवाज उठवणे किंवा सोडून जाणे. ऐपत असलेला खासगी शाळेत जातो, पाण्याचा टँकर मागवतो. ज्याला जाता येत नाही त्याच्यापाशी केवळ आवाज उरतो. निघून गेलेले मग राहिलेल्यांना किरकिरे म्हणतात.

या सिद्धान्ताचा दाखला आपल्या दाराशीच आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो पुढे काही वर्षे नेटाने चालविला. दार उघडले नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये याच जिल्ह्यातील येवल्यास 'हिंदू म्हणून मरणार नाही' अशी घोषणा झाली आणि १९५६ साली नागपुरास ती प्रत्यक्षात आली. आवाज ऐकला नाही, म्हणून माणसे निघून गेली. गाऱ्हाणे करणारा अजून आपल्याशी नाते राखून असतो, हे दार लावून घेणाऱ्यांस कळले नाही.

आणि आपण? १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये आपल्याच विचारांचे सरकार असताना गोळीबार झाला. लोहियांनी त्या सरकारचा राजीनामा मागितला. पुढच्याच वर्षी ते पक्षाबाहेर होते. लोहियांच्या स्वभावाविषयी बोलणे सोपे होते, त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणे अवघड होते. आजही शाखेच्या बैठकीत हिशेब विचारणारा कार्यकर्ता 'असंतुष्ट' ठरतो, हे कबूल केले पाहिजे.

मृणाल गोरे यांनी मात्र वेगळी वाट दाखविली. पाण्यासाठी भांडणारी बाई 'कजाग' न ठरता 'पाणीवाली बाई' ठरली. १९७२ साली महागाईविरुद्ध स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. घराघरांतील कटकट एकत्र आली, तेव्हा तिची मागणी झाली.

कार्यकर्त्याचे काम एवढेच आहे. कुणाची 'पिरपिर' कानी आली की वही काढावी. नाव, तारीख, मागणी लिहून घ्यावी. अर्ज करून पोच घ्यावी. माहितीचा अधिकार २००५ पासून आणि राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून हाताशी आहे. त्या वृद्धेचा अंगठा का जुळला नाही, हा तिच्या स्वभावाचा प्रश्न नाही. तो विचारण्यासाठी चौथ्यांदा तिच्यासोबत कोण जाणार, एवढाच प्रश्न आहे.